राखेच्या राणीची चॉकलेटं

राणीला स्विलेनने मारलं आणि चॉकलेटं मी वाटली. आमच्या पेर्निक गावात आनंद एकट्याने गिळायची पद्धत नाही. नवी गाडी घेतली, नातू झाला, दाढ बसवली, अगदी जुनं वॉशिंग मशीन दुरुस्त होऊन आलं तरी चॉकलेटचा डबा घेऊन दारोदार जायचं. समोरच्याने एक उचलायचं, ‘चेस्तितो’ म्हणायचं, म्हणजे अभिनंदन, आणि मगच विचारायचं की झालं काय. न उचलणं म्हणजे तुझा आनंद मला मान्य नाही असं तोंडावर सांगणं. आणि उचललेलं चॉकलेट परत डब्यात ठेवणारा माणूस तर मी जन्मात पाहिला नव्हता.

लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. मी तळमजल्यापासून वरपर्यंत जिने चढले आणि प्रत्येक दारात तेच सांगितलं, की स्विलेनने राखेच्या राणीला मारलं. मग कोण राणी ते सांगा, कॉम्प्युटरवरचा खेळ असतो ते सांगा. मग शेजारीण विचारणार, त्या लुळ्या हाताने? तर नाही, दुसऱ्या. म्हणजे एका हाताने! धन्य आहे बाई त्याची. आणि मग माझ्याकडे मायेने बघून म्हणणार, स्नेझिना, तुला किती कौतुक वाटत असेल. वाटत होतं ना. अगदी गळ्याशी आलं होतं कौतुक.

स्विलेन म्हणजे माझा नवरा. खाणीच्या व्यायामशाळेत तो वजनं उचलायचा आणि पुढे पोरांना शिकवायचा. त्या खेळात बाकावर उताणं झोपून छातीवरून लोखंड वर ढकलतात. ते गळ्यावर पडू नये म्हणून दोन्ही टोकांना माणसं उभी असतात, पण त्यांचं नुसतं बोट जरी लोखंडाला लागलं तरी ते उचललेलं वजन हिशोबात धरत नाहीत. ‘बोट लागलं की वजन गेलं’, हे वाक्य, लोकांच्या घरात देवाचं नाव घेतात तितक्या वेळा, आमच्या घरात घेतलं जायचं. मुलीने चित्र काढलं आणि मी त्याला थोडा रंग दिला, तरी हा पेपरातून डोकं वर काढून म्हणायचा, बोट लागलं.

बोलायचा तसा वागायचाही, हे मान्य करायला हवं. गालिन त्याचा सगळ्यात लाडका चेला. जिल्ह्याच्या स्पर्धेत गालिनने कोणी उचललं नव्हतं एवढं वजन उचललं, आई त्याची पुढच्या रांगेत रडायला लागली, टाळ्या सुरू झाल्या, आणि पंचांच्या खुर्चीवरून स्विलेन उठला. बोट लागलं, म्हणाला. बाकी कोणी पाहिलं नव्हतं. टोकाला उभ्या असलेल्या माणसानेच शेवटी मान खाली घातली तेव्हा सगळ्यांना पटलं. गालिन वर्षभर आमच्या दारावरून मान वळवून जायचा. मग एक दिवस आला आणि परत शिकायला लागला. त्या दिवसापासून गावात स्विलेनचा शब्द म्हणजे शब्द झाला. मलाही तेव्हा अभिमान वाटला होता.

पुढे व्यायामशाळेला कुलूप लागलं आणि पोरं पांगली. यावोर जर्मनीत ट्रक चालवतो, कोणी स्पेनमध्ये लाद्या बसवतो. गालिन तेवढा इथेच राहिला. त्यानेच सगळ्यांना त्या कॉम्प्युटरवरच्या खेळात ओढलं. टोळीचं नाव ठेवलं ‘लोखंड’. रविवारी जेवणं झाली की जो तो जिथे असेल तिथे कॉम्प्युटरसमोर बसायचा, कानाला ते ऐकायचं-बोलायचं यंत्र लावायचा, आणि सगळे मिळून कुठल्या तरी किल्ल्यावर चढाई करायचे. चढाई कमी, गप्पा जास्त. स्विलेनने आधी नाक मुरडलं, पण घरात बसून करणार काय? गेला त्यांच्यात. आणि सवयीप्रमाणे सगळ्यात पुढे उभा राहून मार खायचं काम त्यानेच घेतलं.

त्या खेळात काही लोक स्वतः काही करत नाहीत. बाकीचे लढतात, हे दारात उभे राहतात, किंवा पहिल्याच फटक्याला मरून जमिनीवर पडतात, आणि राक्षस मेला की बक्षीस यांनाही मिळतं. नावावर सोनेरी अक्षरात बिरुद झळकतं. असल्यांना स्विलेन ‘पोतं’ म्हणायचा. उचलून आणलेलं आणि दारात टाकलेलं. एखाद्या नव्या पोराला कोणी मदत केली की हा मोठ्याने विचारायचा, पोतं कुठे ठेवू? पोरं हसायची. ज्याला म्हटलं तो नंतर यायचा बंद व्हायचा, ते मात्र कोणाच्या लक्षात राहायचं नाही.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय बराचसा परत आला, जीभ तर पूर्ण परत आली, पण डावा हात गेला तो गेलाच. त्या खेळात उजव्या हाताने मारायचं असतं आणि डाव्या हाताने चालायचं. स्विलेन मारू शकत होता, चालू शकत नव्हता. रविवारी तो नुसता कानाला यंत्र लावून पोरांचं ऐकत बसायचा. एकदा यावोर प्रेमाने म्हणाला, कोच, या ना, तुम्ही फक्त दारात उभे राहा, आम्ही नेतो तुम्हाला. स्विलेनने यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि दोन दिवस बोलला नाही. माझ्याशी. मी काय केलं होतं?

माझं नशीब म्हणा किंवा माझा स्वभाव. एका रविवारी मी त्याला गोळ्या द्यायला गेले तर तो एका हाताने दोन्ही कामं करायच्या प्रयत्नात होता. त्याचा तो पडद्यावरचा चिलखतवाला भिंतीवर डोकं आपटत होता, परत वळत होता, परत आपटत होता. मला ते बघवेना. प्रेमबिम काही नाही, नुसता वैताग. मी तिवई ओढली, त्याच्या डाव्या बाजूला बसले आणि कीबोर्डवर हात ठेवला.

‘कुठे जायचंय सांग,’ मी म्हणाले.

‘तुला नाही जमणार.’

‘भिंतीतून तर बाहेर काढते.’

मी बालवाडीत संगीत शिकवायचे. आयुष्यभर छातीवर अकॉर्डियन आणि समोर तीस पोरं. अकॉर्डियनची डावी बाजू दिसत नाही, तिथली बटणं नुसत्या बोटांनी ओळखावी लागतात आणि डोळे पोरांवर ठेवावे लागतात. चार कळा म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. पण चालवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या मनातलं चालवणं वेगळं. पहिले काही आठवडे तो ‘डावीकडे’ म्हणेपर्यंत आम्ही मेलेलो असायचो. तो ओरडायचा, मी उठून कणीक मळायला जायचे, तो हाक मारायचा, मी परत यायचे.

आणि मग कधीतरी त्याला सांगावं लागेनासं झालं. त्याचा खांदा जरा पुढे झुकला की मला कळायचं, आता धावायचंय. श्वास रोखला की थांबायचंय. राखेची राणी जमिनीवर निखाऱ्यांची वर्तुळं टाकते, त्यातून वेळेत बाहेर पडायचं आणि तरी तिच्या समोरून हटायचं नाही, कारण समोरचा हटला की ती मागच्यांना जाळते. ते पाय माझे होते. तो मारायचा आणि मी त्याला जिवंत ठेवायचे. खरं सांगते, लग्नानंतरचे आमचे सगळ्यात चांगले रविवार ते. एवढी वर्षं एका पलंगावर झोपून जे झालं नव्हतं ते एका कीबोर्डवर झालं. संपलं की तो माझ्या बोटांवरून हात फिरवायचा, आणि मी चहा ठेवायचे.

मी तिथे असते हे त्याने पोरांना सांगितलं नव्हतं. मीही गप्प बसायचे, त्या यंत्रातून आवाज जाऊ नये म्हणून खोकलासुद्धा गिळायचे. सुरुवातीला त्यात मजा होती. मला वाटायचं, राणी मरेल त्या दिवशी सांगेल तो. केवढे चकित होतील सगळे.

राणी मेली तेव्हा बाहेर बर्फ वितळत होतं. सगळे एकदम ओरडले, कोणीतरी रडलं, आणि चिलखतवाल्याच्या डोक्यावर सोनेरी अक्षरं आली, ‘राखेचा राजा’. यंत्रातून यावोरचा आवाज मला शेजारी बसून स्पष्ट ऐकू येत होता. ‘कोच, आणि हे तुम्ही एका हाताने केलंत?’

स्विलेनने माझ्याकडे बघितलं. माझा हात अजून कळांवरच होता.

‘दोन असते तर केव्हाच मेली असती,’ तो म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं पुढच्या वाक्यात सांगेल. पुढच्या वाक्यात तो माउसवरची बटणं त्याने कशी लावून घेतली आहेत ते सांगायला लागला. मी हात काढला, मांडीवर ठेवला आणि ऐकत बसले. ती बटणंही त्याने मनाने रचली होती, पण इतकं छान सांगत होता की क्षणभर मलाही खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने चॉकलेटचा सगळ्यात मोठा डबा मागवला. त्याला जिने चढवत नाहीत, म्हणून वाटायला मी गेले. ते सांगितलंच.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. यावोरने कुठेतरी लिहिलं, आमचा कोच, झटका आलेला, एक हात गेलेला, राखेचा राजा. अनोळखी लोक स्विलेनला लिहायला लागले. वार्नाच्या एका माणसाचा अपघातात हात गेला होता, त्याने लिहिलं की तुमच्यामुळे मी परत उभा राहिलो. स्विलेनने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मला! मी बटाटे सोलत होते, सोलत राहिले.

आठवडाभर थांबले आणि मग जेवताना विचारलं, पोरांना कधी सांगणार आहेस?

काय सांगायचं, असं त्याने विचारलं. तेही सूपमध्ये पाव बुडवत.

मी म्हटलं, की चालत मी होते.

मग तो बोलला. तू काय केलंस, म्हणाला. मी मनात आणलं ते तू दाबलंस. डोकं माझं, डाव माझा. वजन उचलताना हाताला खडू लावतात, तो खडू उद्या म्हणायला लागला की मी उचललं, तर चालेल का? हे त्याला पटकन सुचलं नव्हतं. बरेच दिवस मनात घोळवून ठेवलं असणार, इतकं गुळगुळीत झालं होतं.

‘गालिनच्या लोखंडाला एक बोट लागलं होतं,’ मी म्हणाले. ‘तू सगळ्या गावासमोर उठून उभा राहिलास.’

त्याने चमचा खाली ठेवला.

‘म्हणजे तुला काय हवंय?’ तो म्हणाला. ‘मी उठून सांगू की बोट लागलं? मग ते वजन गेलं, स्नेझा. मग माझ्याकडे काय राहतं? हा हात?’

मला त्याची दया आली आणि दयेपेक्षा राग जास्त आला. त्याचं म्हणणं मला समजत होतं. सांगितलं तर राणी त्याने मारलेली नाही. नाही सांगितलं तर मी त्या खोलीत नव्हतेच. दोघांपैकी एकालाच तिथे जागा होती, आणि ती कोणी घ्यायची हे त्याने मला न विचारता ठरवलं होतं. मी पुढच्या रविवारी तरीही तिवईवर बसले. का बसले, तर त्याने हाक मारली म्हणून. आणि मला ते आवडायचं म्हणून. हे दुसरं कारण कोणी विचारलंच नाही.

ऑगस्टमध्ये बाहेर गेलेले सगळे सुट्टीवर घरी येतात. गाव तीन आठवडे परदेशी नंबरप्लेटांनी भरतं. यावोरने येतानाच जाहीर केलं की कोचच्या घरी जमायचं, सगळ्यांनी आपापले लॅपटॉप आणायचे, आणि राणीला परत एकदा मारायचं. कोच एका हाताने कसा खेळतो ते डोळ्यांनी बघायचं.

स्विलेनचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिसऱ्या दिवशी तो युक्ती घेऊन आला. त्याच्या मांडीवर शाल टाकायची, शालीखाली कीबोर्ड ठेवायचा. मी शेजारी बसून शालीत हात घालायचा आणि विचारलं तर सांगायचं, डॉक्टरांनी लुळा हात सारखा चोळायला सांगितलाय.

‘ऑगस्टमध्ये शाल?’ मी विचारलं.

‘झटका आलेल्या माणसाला थंडी वाजू शकते.’

मी हसायला लागले. मला हसू आवरेना. मग तोही थोडा हसला, आणि त्याला वाटलं मी तयार झाले. मी हो म्हटलं नव्हतं. इतकंच म्हटलं होतं, की त्या दिवशी मला हाक मारायची असेल तर सगळ्यांसमोर मार. स्नेझिना, ये, तुझ्याशिवाय होत नाही. एवढंच. शाल नको, भाषण नको. तो म्हणाला, बघू. नवऱ्याच्या ‘बघू’चा अर्थ कुठल्याही बाईला विचारा.

ते आले तेव्हा मी चीज भरून बानित्सा भाजली होती, टोमॅटो-काकडीवर चीज किसलं होतं, राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली फ्रीजमध्ये गार करत ठेवली होती. यावोरने सगळ्यांचे दोन्ही गालांचे मुके घेतले. गालिनचं पोट सुटलंय, पण अजून कोचसमोर पाठ ताठ करून बसतो. टेबलावर लॅपटॉप मांडले, ज्यांना यायला जमलं नाही ते आपापल्या घरून जोडले गेले. स्विलेन त्याच्या खुर्चीवर होता. शेजारी माझी तिवई मांडलेली होती आणि खुर्चीच्या पाठीवर घडी करून शाल.

मी दारात उभी राहिले, हातात बानित्साचं ताट. तिवई तिथे का आहे असं कोणी विचारलं नाही.

‘चला कोच,’ यावोर म्हणाला.

स्विलेनने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि शालीकडे बघितलं. मी हलले नाही. तोंड उघडून माझं नाव घ्यायला काय लागतं? बाकी दिवसभर घेतोच तो, मोजे सापडत नाहीत म्हणून, चष्मा सापडत नाही म्हणून. त्याने ओठ उघडलेही. मग यावोरने त्याच्या खांद्यावर थाप मारली, आमचा राखेचा राजा, म्हणाला, आणि स्विलेन पडद्याकडे वळला.

लढाई सुरू झाली तेव्हा चिलखतवाला एका जागी उभा होता. राणीने पहिलं वर्तुळ टाकलं ते बरोबर त्याच्या पायाखाली. स्विलेनचा उजवा हात माउस सोडून कीबोर्डवर गेला, परत माउसवर आला, परत गेला. आणि चिलखतवाला पालथा पडला. मग गालिन हलक्या आवाजात म्हणाला, इंटरनेट अडकतंय वाटतं आज, यावोर, तू पुढे हो. यावोर पुढे झाला. सगळे एकदम फार मन लावून खेळायला लागले. पालथ्या पडलेल्या चिलखतवाल्याच्या अंगावरून ते सगळे इकडून तिकडे पळत होते, त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि त्यांनी राणीला मारलं.

‘जमलं, कोच!’ यावोर म्हणाला. टाळ्या झाल्या. स्विलेन मोठ्याने हसला, त्याच्या कपाळावर घाम होता. पोतं म्हणजे काय ते या खोलीत त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

मी स्वयंपाकघरात गेले. गालिन मागोमाग बर्फ घ्यायला आला. भांड्यात बर्फ टाकता टाकता, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘काकू, आज तुम्ही बसला नाहीत.’

मी फ्रीजचं दार धरून उभी राहिले.

‘कोचचा माणूस लढाईआधी दारात थांबला ना, की रचेनित्सा नाचायचा,’ तो म्हणाला. ‘दोन पावलं आखूड, एक लांब. बालवाडीत तुम्हीच शिकवली होती आम्हाला. कोच तर स्वतःच्या लग्नातही नाचले नव्हते, आई सांगायची.’

मला हे ठाऊकच नव्हतं. वाट बघताना माझी बोटं आपोआप ताल धरतात, अकॉर्डियनची सवय. पडद्यावर तो नाचत असेल हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. इतक्या सगळ्या रविवारी मी त्यांच्यासमोर नाचत होते, आणि ते बघत होते.

‘कधीपासून माहीत आहे?’

‘सुरुवातीपासून. सगळ्यांनाच माहीत आहे.’

‘मग बोलला का नाहीत कोणी?’

‘कशाला? म्हातारा खूश होता. आम्ही म्हटलं, राहू दे. आम्ही कोणी त्यांना उचललं असतं तर पोतं झाले असते ते. तुमचं काय काकू, तुम्ही घरच्याच. घरच्यांचं कोण धरतं?’

हे तो प्रेमाने म्हणाला. जाताना माझ्या दंडावर हात ठेवून गेला. त्याच्या लोखंडाला परक्याचं एक बोट लागलं, तर तो वर्षभर आमच्या दारावरून मान वळवून जात होता. माझा अख्खा हात होता. पण तो घरचा हात. घरचा हात वजनात धरत नाहीत, म्हणून वजन गेलंही नाही, आणि मीही हिशोबात आले नाही. इतकं सोपं होतं. स्विलेन उगाच त्या शालीपायी घामाघूम होत होता.

बाहेरून त्याने हाक मारली. अखेर मारली. ‘स्नेझा, डबा आण गं.’

मी चॉकलेटचा डबा नेऊन त्याच्या हातात दिला. त्याला स्वतः वाटायचा होता. उजव्या हातावर उघडा डबा तोलून, पाय जरा ओढत तो एकेकाकडे गेला. यावोरने उचललं, चेस्तितो. दुसऱ्याने उचललं, चेस्तितो. गालिनने दोन उचलली आणि कोचच्या डोळ्यांत बघून चेस्तितो म्हणाला. एका बोटापायी ज्याचं वजन गेलं होतं, तो माणूस. कोणाचा आवाज जराही हलला नाही. किती चांगली पोरं आहेत सगळी.

शेवटी स्विलेन माझ्यासमोर आला.

‘आणि ही आमची बायको,’ तो सगळ्यांकडे बघून म्हणाला. ‘हिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण पाणी मात्र वेळेवर आणून देते.’

ते हसले, नेहमीपेक्षा जरा कमी. गालिन ग्लासात बघायला लागला. मी डाव्या हाताने एक चॉकलेट उचललं, चांदीच्या कागदातलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबले, कारण उचललं की म्हणायचं असतं. स्विलेनचे डोळे माझ्यावर होते. त्यात विनवणी होती, ती मला दिसली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या डोळ्यांसाठी मी काय काय म्हटलं आहे. हेही म्हटलं असतं. त्याने नुसतं ते पाण्याचं वाक्य म्हटलं नसतं तर.

मी चॉकलेट परत डब्यात ठेवलं, त्याच्या त्याच्या खळग्यात, नीट बसवून.

‘बोट लागलं,’ मी म्हणाले.

तिथे बसलेले सगळे त्याच्याच हाताखाली शिकलेले. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. यावोरच्या तोंडात चॉकलेट होतं, त्याला ते चावावं की नाही कळेना. स्विलेनचा चेहरा पांढरा झाला, मग लाल, आणि मग एकदम फार म्हातारा. वळून त्याने डबा टेबलावर ठेवला आणि झाकण लावायला गेला. एका हाताने ते बसेना. एक कोपरा दाबला की दुसरा वर यायचा, डबा टेबलावरून पुढे सरकत चालला. तो दाबत राहिला. कोणी पुढे झालं नाही. कोचला समोरासमोर मदत करायची त्यांच्यापैकी कोणाला सवय नव्हती.

शेवटी मीच जाऊन डबा धरला, आणि त्याने झाकण दाबलं.